बारीक घंटी

आमच्या अंबरपेठेतल्या घरातला फोन आमचा नव्हता. जोडणी सासऱ्यांच्या नावावर होती, बिल माझा नवरा भरत असे, आणि ते काळे, जड यंत्र आमच्याच बैठकीतल्या कोनाड्यात ठेवलेले होते. पण एवढ्यावरून मालकी ठरत नाही. तो क्रमांक गल्लीचा होता. लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या कार्डांवर, नोकरीच्या अर्जांवर गल्लीतली माणसे आपल्या नावाखाली तो लिहीत आणि पुढे 'पीपी' अशी दोन अक्षरे जोडत. म्हणजे फोन शेजारचा आहे, ते बोलावून देतील.

बोलावून देण्याचे काम आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे. त्या परभणीकडच्या शेतकरी घरातून लग्न होऊन हैदराबादेला आल्या होत्या आणि तिकडची बोली त्यांनी येताना आणलेल्या पितळी भांड्यांसारखी वापरती ठेवली होती. मी पुण्याहून आलेली, कवितेवर एम. ए. केलेली. सासूला 'आत्याबाई' म्हणायला मला या घराने शिकवले. बाकी पुष्कळ गोष्टी मला गल्लीने शिकवल्या, आणि त्यांतली पहिली फोनची रीत.

घंटी वाजली की आत्याबाई पदराला हात पुशीत येत. "हां, कोन? कोन्ला बलवायचं?" असे विचारून, नाव ऐकून, "पाच मिनटांनी परत करा," असे बजावून त्या रिसीव्हर ठेवून देत. मग फाटकापर्यंत जाऊन हाक मारत. हाक घराघराप्रमाणे बदले. कोपऱ्यावरच्या तेलुगू घरासाठी "फोन वच्चिंदी!", समोरच्या खालांसाठी "खाला, फोन आया!", आणि मराठी घरांसाठी नुसतेच "फोन हाय गं!", पण ते असे की तीन घरांतून तीन बायका निघत. ज्याचा फोन असे ते माणूस ओल्या हाताने, अर्ध्या जेवणावरून, दाढीच्या साबणासकट येई आणि कोनाड्याजवळच्या लाकडी स्टुलावर बसे. बसून बसून त्या स्टुलाला शिसवीची झळाळी आली होती. आत्याबाई त्याला पाण्याचा पेला देत. दुसऱ्यांदा घंटी वाजली की बोलणे होई. आत्याबाई ते कधी ऐकत नसत आणि त्या वेळी खोलीबाहेरही कधी जात नसत. बोलणे संपले की पेला परत घेताना त्या एकच विचारत: "सगळं ठीक?" माणूस "ठीक" म्हणाले की घरी जाई. ज्याला म्हणता येत नसे त्याच्यासाठी चहा टाकला जाई.

त्या स्टुलावर मी कधी बसले नव्हते. माझ्या माहेरची माणसे पत्रे लिहिणारी होती, आणि घंटीचा आवाज त्यांना तारेच्या शिपायाइतका अशुभ वाटे.

मी एका शाळेत मराठी शिकवत होते. शाळेचा मराठी माध्यमाचा विभाग हळूहळू आकसत गेला, चुलीवर विसरलेले दूध आटत जाते तसा, वासही न येता. घरोघरची मुले इंग्रजीत गेली. ती घरी मराठी बोलत, पण वाचायला दिले की प्रत्येक जोडाक्षरापाशी गतिरोधक आल्यासारखी थांबत. एका उन्हाळ्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितले की पुढच्या वर्षी वर्ग भरणार नाही. त्यांनी मला एक शाल दिली. एप्रिल महिना होता.

त्याच सुमारास पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकांचे पत्र आले. मुलांसाठी सचित्र शब्दकोश निघणार होता. कॉलेजातल्या कुणीतरी माझे नाव सुचवले होते. माझ्या वाट्याला त्यांनी आवाजांचे शब्द दिले होते: सळसळ, खळखळ, करकर, किणकिण, घरघर. अर्थ सोपा हवा, आणि ज्या मुलाने तो आवाज ऐकला नसेल त्यालाही तो ऐकू यावा अशी अपेक्षा होती. मला असे काम आयुष्यात पुन्हा मिळाले नसते, हे मला तेव्हाच कळले होते. एकच अट होती. मजकूर टपालाने चालणार नव्हता. तो संगणकावर लिहून ई-मेलने, रोज, घरून पाठवायचा होता. पहिला भाग शनिवारच्या संध्याकाळपर्यंत पोचला तर काम माझे. नाही पोचला तर पुण्यातच करणारी माणसे पुष्कळ होती, आणि ती सायकलवरून येऊ शकत होती.

"दिलसुखनगरला जाऊन एखाद्या कॅफेतून पाठव," नवरा म्हणाला.

"एकदा पाठवीन. रोजचं काय? ते घरून जमतंय का, हेच त्यांना बघायचंय."

नवऱ्याने मान डोलावली. तो विमा कंपनीत होता आणि अटी वाचण्याची त्याला सवय होती.

शाळेने निरोप देताना जे पैसे दिले त्यांचा संगणक झाला. तो मागच्या खोलीत ठेवला गेला, आणि त्याच्याबरोबर खोलीचे नियमही आले. संगणक जुळवून देणारे गृहस्थ दिलसुखनगरचे होते. आधी ते रेडिओ दुरुस्त करत, मग टीव्ही, आणि आता संगणक. ज्या काळात जे बिघडे ते त्यांचे. भारदस्त देह, खिशात टेस्टर, आणि प्रत्येक गोष्टीबद्दल ठाम मत. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ताकीद दिली.

"मॅडम, दरवाज़ा बंद रखना. धूल नक्को. चप्पल भार. मशीन को धूल का भौत परहेज़ है."

त्यामुळे चपला बाहेर गेल्या आणि दार बंद ठेवणे आले. मागच्या खोलीत मी, संगणक आणि छताचा पंखा, आणि पंख्याच्या घरघरीखाली नव्या प्लास्टिकचा, गरम झालेल्या धुळीचा तो वास, ज्याला कोशात शब्द नव्हता.

जोडणीचा विधी मंगळवारी झाला. त्यांनी बैठकीतल्या फोनच्या पेटीतून एक तांबडी-काळी वायर काढली, ती भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून मागच्या खोलीत आणली आणि एका पांढऱ्या डबीत खोचली. डबीवर दिव्यांची रांग होती. "ये मोडेम," ते म्हणाले, जणू नातेवाइकाची ओळख करून देत आहेत. मग संगणकात डायल-अप नेटवर्किंग नावाचा कप्पा उघडून नवी जोडणी तयार केली. खात्याचे नाव, गुप्त शब्द आणि पलीकडच्या यंत्राचा फोन क्रमांक हे सगळे त्यांनी जाड बोटांनी, एकेक अक्षर पुटपुटत भरले. टोन की पल्स, म्हणजे आकडे सुरांनी पाठवायचे की ठोक्यांनी, असे संगणकाने विचारले. त्यांनी आमच्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून तबकडी बोटाने फिरवली, टिकटिक ऐकून "पल्स" म्हणाले आणि त्याप्रमाणे खूण केली.

त्याच वेळी आत्याबाई चहा घेऊन आत आल्या आणि कपबशीचा ट्रे धरून उभ्या राहिल्या. पाहुण्याचा कप रिकामा होईपर्यंत त्याच्यापाशी उभे राहायचे, अशी त्यांची पद्धत.

मोडेमने फोन लावला. आधी टिकटिक झाली, कुणी घाईघाईने शेंगा फोडाव्यात तशी. मग लांबवर एक लांबलचक सूर उठला, पत्र्यावरून खिळा ओढावा तसा. त्यावर दुसरा, जाडा सूर चढला. मग दोन्ही एकमेकांत घुसून खवळले, विव्हळले आणि एकाएकी गप्प झाले. डबीवरचा दिवा लागला. जोडणी झाली होती.

"हे काय वरडायलंय?" आत्याबाईंनी विचारले.

"आवाज में दिमाग खराब होता, अम्मा," असे म्हणून त्या गृहस्थांनी डबीच्या कडेचे चाक फिरवून आवाज पार बंद केला. मला थोडे वाईट वाटले. मी नुकतीच आवाजांची माणूस झाले होते. पण ते चाक मी फिरवले नाही. ज्याने जोडले त्याच्या हातचे बदलू नये, असे मला वाटले.

ते गेले. मी दार लावले आणि स्वतः फोन लावला. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही, आणि मग संगणकाने इंग्रजीत कळवले की संबंध तुटला आहे. पुन्हा लावला. पुन्हा तुटला. संगणकाची भाषा दोन्ही वेळा सारखीच सभ्य होती.

बुधवारी सकाळी ते आले. त्यांनी लावून पाहिला, आणि लागला. चहा प्यायले, आत्याबाई ट्रे घेऊन उभ्या राहिल्या, लागलेला राहिला. ते गेले, आत्याबाई बाहेर गेल्या, मी दार लावून फोन लावला, आणि तुटला. मी त्यांना त्यांच्या दुकानात फोन केला. दुपारी ते परत आले. त्यांनी संगणकातला प्रोटोकॉल नावाचा भाग काढून पुन्हा बसवला, "ठीक से बैठा नै था" असे सांगितले, आणि त्यांच्यासमोर तो उत्तम बसला. जाताना त्यांनी भिंतीत ओल असल्याचे, पंख्याची वीज वायरीत उतरत असल्याचे आणि आमच्या भागातले एक्सचेंज मुळातच हट्टी असल्याचे निदान केले. फाटकाशी थांबून शेवटचेही सांगितले.

"असल में क्या है मॅडम, मेरा हाथ लगना पड़ता. हर मशीन को एक हाथ लगता."

माझ्या आजोळी एका म्हशीबद्दल हेच म्हणत.

मजकूर अजून पुरा व्हायचा होता, तेव्हा मी लिहीत बसले. 'सळसळ' लिहिले, 'करकर' लिहिले. अधूनमधून फोन लावून पाही, तो तुटे, मी पुढचा शब्द घेई. बाहेर काय चालले आहे याचा मला पत्ता नव्हता. दार बंद होते.

गुरुवारी दुपारी पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा स्टुलावर खाला बसलेल्या दिसल्या. समोरच्या घरातल्या खाला आत्याबाईंच्याच वयाच्या, आणि दोघींची मैत्री आमच्या घराच्या फाटकापेक्षा जुनी. त्यांचा मुलगा दुबईला होता. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याचा फोन येई आणि खाला इस्त्रीचा दुपट्टा घेऊन तो घ्यायला येत. आज गुरुवार होता आणि दुपट्ट्याला इस्त्री नव्हती. हातात जपमाळ होती. पाण्याचा पेला भरलेलाच होता.

"काय झालं?" मी विचारले.

आत्याबाईंनी मला स्वयंपाकघराकडे ओढले. "खालाच्या लेकाचा फोन यायलाय दोन दिसांपासून. पन लागंना."

"कशावरून त्याचा?"

"घंटी बारीक वाजायलीय. नेहमीसारखी नाही, किणकिण किणकिण, देवघरातल्यावानी. लांबून येनारा फोन बारीकच वाजत असतो. आन् मी धावत येऊन उचलला का नाही, तर आतून कोन तरी रडायलंय."

"रडायलंय?"

"मोठ्यानं. हंबरडा. मी म्हनलं, रडू नको बाळा, तुझ्या माईला बलावते. की गप. कट."

स्टुलावरून खालांचा आवाज आला. "जुम्मे के सिवा उनो कभी फोन नै करता, बेटी. कुछ तो बी हुआ होंगा."

मी आत गेले आणि दार लावून घेतले. परमुलखात रडणारा मुलगा आणि स्टुलावर बसलेली आई असताना लाइन अडवून ठेवणे मला शक्य नव्हते. त्या दुपारी मी फोन लावला नाही. बारीक घंटीही वाजली नाही. संध्याकाळी खाला उठून भाकऱ्या करायला घरी गेल्या, तेव्हा मी म्हटले, आता एकदा पाहावे. लावला. तुटला. थोड्या वेळाने बाहेर आले तर खाला परत स्टुलावर, हाताला पीठ.

"तू आत गेलीस आन् वाजला बघ," आत्याबाई म्हणाल्या.

हे वाक्य माझ्या समोर, माझ्या भाषेत, स्वच्छ उच्चारात बोलले गेले. तरीही मी त्यांना म्हणाले, "आत्याबाई, थोडी भाजी काढून ठेवा, यांना उशीर होईल."

शुक्रवारी घंटी वाजली, ती खणखणीत. मुलगाच होता. खालांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तू रो रा था कायकू रे? ... नै रोया? ... फिर कौन करा फोन? ... तू नै करा? ... हौ, हौ, खाना खाया?"

बराच वेळ झाला. आत्याबाई पाठ करून उभ्या होत्या, म्हणजे सगळे ऐकत होत्या. खालांनी फोन ठेवला, पेला परत दिला.

"सगळं ठीक?"

"ठीक है बाई. उनो तो बिर्याणी खाको सोता बोला. मेरी जान सुखा को रख दी तुम."

"म्या काय केलं? रडत व्हतं कोन तरी."

"रोता होंगा. मेरा नै था."

खाला हलक्या होऊन घरी गेल्या. आत्याबाई मात्र गंभीर झाल्या. मुलगा खालांचा नव्हता, पण रडणे खरे होते. मग ते गल्लीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी घराचे होते. त्या ओट्याला टेकून एकेक घर बोटांवर घेऊ लागल्या. कोपऱ्यावरच्यांची मुलगी विशाखापट्टणमला दिलेली, ती नाही, ती रडणारी नाही, रडवणारी. बेकरीवाल्यांचा भाऊ बंगलोरला. मागच्या घरातल्यांचे कुणीच लांब नाही. निर्णय होईना, तेव्हा त्यांनी ठरवले की आता स्वयंपाकघरातून धावत येण्यात वेळ घालवायचा नाही. त्यांनी पाट आणला, कोनाड्याखाली टाकला आणि तिथे बसून लसूण सोलू लागल्या.

त्या दिवशी मी लावलेला प्रत्येक फोन आधीपेक्षाही लवकर तुटला.

शनिवार उजाडला. मजकूर तयार होता. मी दुकानात फोन केला. ते गृहस्थ गौलीगुड्याला एका कापडवाल्याकडे गेले होते आणि सोमवारशिवाय मिळणार नव्हते. नवरा कचेरीत. दुपारी मी दार लावून संगणकापुढे बसले. फाइल जोडलेली, पत्ता घातलेला, खाली माझे नाव आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेला. लावला, तुटला. लावला, तुटला. खिडकीच्या गजांवरचे ऊन सरकत टेबलाच्या पायापर्यंत आले. मला शाळेतली ती शाल आठवली. ती मऊ होती, आणि अजून घडीही मोडली नव्हती.

खरे सांगायचे तर उपाय म्हणून मी काहीच केले नाही. केवळ असे वाटले की जे तुटते आहे ते निदान कानाने तरी ऐकावे. मी डबीच्या कडेचे चाक बोटाने फिरवले, शेवटपर्यंत, आणि पुन्हा फोन लावला.

शेंगा फुटाव्यात तशी टिकटिक. मग शांतता. मग लांबून तो सूर, पत्र्यावरचा खिळा, त्यावर चढणारा दुसरा. आणि त्या दोन सुरांच्या मधून, अगदी जवळून, पांढऱ्या डबीच्या आतून एक बाई मऊ आवाजात म्हणाली:

"हॅलो... रडू नको, रडू नको माय. कोनाचं लेकरू हायेस तू? नाव सांग. मी बलावते."

संगणकाने कळवले की संबंध तुटला आहे.

फोनवर आत्याबाई नेहमी मोठ्याने बोलत. दारापलीकडून त्यांचे मोठे बोलणे मला कधीही ऐकू आले असते. पण हे बोलणे त्यांनी रडणाऱ्या पोराशी केलेले होते, आणि रडणाऱ्याशी त्या हळू बोलत. तो आवाज मी त्या घरात इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

मी दार उघडले. आत्याबाई पाटावर बसलेल्या, मांडीवर लसणाचे सूप, रिसीव्हर अजून कानाशी.

"गेला," त्या म्हणाल्या. "आत्ता व्हता."

"आत्याबाई, तो फोन माझा होता."

"तुझा?"

"मीच लावत होते. मागच्या खोलीतून. मंगळवारपासून."

त्यांनी मागच्या दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. "घरातल्या घरात फोन कशाला करतीस? हाक मार की."

"तुम्हाला नाही हो. ते मशीन लावतं, दुसऱ्या मशीनला. एकच लाइन आहे. त्यानं फोन फिरवला की आकड्यांचे ठोके या वायरीतून जातात, आणि त्या ठोक्यांनी ही घंटी किणकिणते. तुम्ही उचललात की तुटतं. तुम्ही ट्रे धरून आत उभ्या असलात की लागतं."

"आन् रडत कोन व्हतं?"

"मशीनच. मंगळवारी डबीत ओरडत होतं तेच. ती तशीच बोलतात एकमेकांशी."

आत्याबाईंनी रिसीव्हर कानापासून दूर धरला, त्याच्या भोकांकडे पाहिले आणि तो जागेवर ठेवला.

"मी त्याला बाळा म्हनले," त्या म्हणाल्या.

मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी लसूण बाजूला ठेवला. मी त्यांना पहिल्यांदाच नीट सांगितले: पुण्याचे काम काय आहे, ते आज संध्याकाळपर्यंत पोचले पाहिजे, नाही पोचले तर दुसऱ्या कुणाला तरी जाईल.

"शाळेसारखं?"

"शाळेसारखं."

त्या उठल्या. गुडघ्यांचा कट्कन आवाज झाला. तो माझ्या यादीत होता. फाटकाशी जाऊन त्यांनी गल्लीला हाक मारली, आणि ती पहिली हाक होती जी एका घरासाठी नव्हती. फोन थोड्या वेळासाठी बंद आहे, असे त्यांनी मराठीत सांगितले, दख्खनीत सांगितले, आणि कोपऱ्याकडे तोंड करून तेलुगूत सांगितले. का बंद आहे असे कुणी तरी माडीवरून विचारले. "सूनबाईचं काम हाय," त्या म्हणाल्या. पाणी बंद आहे म्हणतात त्याच सुरात.

खाला लगेच आल्या. त्यांना सगळे सांगावे लागले.

"मतलब मैं तीन दिन तुम्हारी मशीन के वास्ते जप करी?"

"खाला, माफ करा," मी म्हणाले.

"जाने दो बेटी. दुआ है, लग जाती किसी को तो बी."

आत्याबाई कोनाड्याजवळ उभ्या राहिल्या आणि तळवा रिसीव्हरवर ठेवला, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मी आत गेले. या वेळी दार उघडेच ठेवले. धूळ आली तर येवो. फोन लावला.

बैठकीत घंटी किणकिणली. उघड्या दारातून मला दिसले: आत्याबाईंचा हात आपोआप उचलला गेला, रिसीव्हरसकट, आणि खालांनी झडप घालून त्यांचे मनगट धरले.

"नक्को बाई! मशीन है!"

"माहीत हाय मला. हात जातो त्याला काय करू?"

रिसीव्हर जागेवर बसला. आत सूर उठला, चढला, विव्हळला. दोघी म्हाताऱ्या मान वाकडी करून ऐकत होत्या.

"सच्ची में रोता," खाला म्हणाल्या.

"मंग? मी काय खोटं बोलले?"

सूर थांबले. दिवा लागला आणि लागलेला राहिला. पडद्यावर एक निळी पट्टी दिसली आणि भरू लागली, इतकी सावकाश की ती भरते आहे की माझी इच्छा तिला तशी दाखवते आहे हे कळेना. सळसळ गेली असेल, करकर गेली असेल. बैठकीतून खालांच्या जपमाळेचे मणी एकमेकांवर पडण्याचा आवाज येत होता. पट्टी भरली.

"गेलं?" आत्याबाईंनी विचारले.

"गेलं."

मी संबंध तोडला. या वेळी तो मी तोडला होता.

खाला चहासाठी थांबल्या. ऊन उतरले. मी बैठकीत येऊन कोथिंबीर निवडत बसले, आणि घंटी वाजली, पूर्ण, खणखणीत. कोनाडा माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता. पण फोन उचलण्याचे काम माझे नव्हते. आत्याबाई पदराला हात पुशीत आल्या.

"हां, कोन? ... पुन्याहून? ... कोन्ला बलवायचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "हाव. हाय, हाय. शेजारीच ऱ्हाती. पाच मिनटांनी परत करा."

रिसीव्हर जागेवर.

"आत्याबाई! मी इथंच तर होते!"

"तो म्हनला, शेजारच्या बाईला बलवता का. तू काय लिवून दिलतंस?"

तेव्हा मला आठवले. मजकुराखाली मी क्रमांक लिहिला होता, आणि त्यापुढे सवयीने, गल्लीतल्या कुणीही लिहिले असते तसे, 'पीपी'.

"मग बोलायला द्यायचं ना!"

"रीत हाय," आत्याबाई म्हणाल्या. त्या फाटकापर्यंत गेल्या, वळल्या, आणि आमच्याच घराकडे तोंड करून हाक मारली, तीच, तीन घरांतून तीन बायका काढणारी: "सूनबाई! फोन हाय गं!"

कोथिंबिरीचे हात घेऊन मी आले आणि स्टुलावर बसले. ते मला वाटले होते त्यापेक्षा थंड आणि गुळगुळीत होते. आत्याबाईंनी पाण्याचा पेला हातात दिला. खाला शेजारी सरकून बसल्या. वाट पाहताना मला उमगले की पाणी कशासाठी देतात; हातांना धरायला काही तरी लागते.

घंटी वाजली. आत्याबाईंनी मान हलवली आणि मी उचलला.

संपादक म्हणाले, फाइल मिळाली. म्हणाले, 'करकर' त्यांना दोनदा वाचावीशी वाटली. सोमवारपासून रोज पाठवत चला, म्हणाले. मग त्यांनी संकोचाने विचारले, "तुम्हाला फोनसाठी रोज शेजारी यावं लागतं का? त्या बाईंना त्रास तर होत नाही ना?"

आत्याबाई पाठ करून उभ्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना सवय आहे."

मी फोन ठेवला. आत्याबाई वळल्या आणि पेल्यासाठी हात पुढे केला.

"सगळं ठीक?"

"ठीक," मी म्हणाले, आणि स्टुलावरून लगेच उठले, कारण तोवर दारात बेकरीवाले येऊन उभे होते आणि फोन चालू झाला का, असे विचारत होते.